अंडपेशीचा अभ्यासक : डॉ. अर्नेस्ट एव्हरेट जस्ट

विद्यार्थी मित्रांनो, जीवशास्त्राच्या पुस्तकात फलनाचा पाठ आला की वर्गात कुजबुज सुरू होते. शिक्षकही तो पाठ घाईने उरकतात आणि घरी तर हा विषय निघतच नाही. खरे पाहता, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढ्या एका पेशीतून हातपाय, डोळे, मेंदू असलेला जीव घडतो याहून मोठे नवल सृष्टीत दुसरे कोणते असेल? या नवलाची सुरुवात कशी होते, शुक्रपेशी आणि अंडपेशी एकत्र येतात त्या घटकेला नेमके काय घडते, याचा शोध घेण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले अशा थोर शास्त्रज्ञांपैकी एक म्हणजे डॉ. अर्नेस्ट एव्हरेट जस्ट. गरिबी, पोरकेपण आणि वर्णभेद या तिन्ही संकटांशी झुंजत त्यांनी विद्या मिळवली. त्यांचे चरित्र आपल्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनीही मुद्दाम वाचावे असे आहे.

जन्म आणि बालपण

अर्नेस्टचा जन्म १४ ऑगस्ट १८८३ रोजी अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातील चार्ल्सटन या बंदराच्या शहरी झाला. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद होऊन अवघी अठरा वर्षे झाली होती. कायदा बदलला तरी माणसांची मने बदलली नव्हती. कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या, नोकऱ्याही हलक्या, अशी त्या भागातील रीत होती. अर्नेस्टचे वडील आणि आजोबा बंदरात धक्के बांधण्याचे काम करीत. मुलगा चार वर्षांचा असतानाच वडील वारले आणि घराचा सारा भार आई मेरी हिच्यावर येऊन पडला.

ही माऊली मोठ्या हिमतीची होती. ती शाळेत शिकवी आणि उन्हाळ्यात शाळा बंद असली की जवळच्या जेम्स बेटावरील फॉस्फेटच्या खाणीत मजुरी करी. पण केवळ आपल्या मुलांपुरते पाहून ती थांबली नाही. बेटावरील कृष्णवर्णीय कुटुंबांना तिने गोळा केले, जमीन विकत घ्यायला लावले आणि त्यांची स्वतःची वस्ती उभी केली. तिच्याच नावावरून त्या वस्तीला मेरीव्हिल असे नाव पडले. तेथे तिने मुलांसाठी शाळा काढली. अर्नेस्टचे पहिले शिक्षण आईच्याच शाळेत झाले.

लहानपणीच अर्नेस्टला विषमज्वर झाला. त्यातून तो वाचला, परंतु तापाने त्याची स्मृती अशी पुसली गेली की शिकलेले लिहिणे-वाचणे तो पार विसरला. आईने पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात केली. मुलाला काही जमेना तेव्हा तीही हताश झाली. शेवटी त्या पोराने आपल्या आपणच अक्षर न अक्षर जुळवून वाचन पुन्हा हस्तगत केले. एकच विद्या दोनदा शिकलेल्या या मुलाला विद्येची किंमत कळली होती.

घरापासून दूर

तेरा वर्षांचा झाल्यावर त्याला ऑरेंजबर्ग येथील कृष्णवर्णीयांसाठीच्या महाविद्यालयात शिक्षकी पेशाचे शिक्षण घेण्यासाठी पाठवण्यात आले. तेथील अभ्यासक्रम पुरा होताच गावाकडच्या शाळेत मास्तरकी मिळू शकली असती. घरची परिस्थिती पाहता तसे केले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. पण मुलाची बुद्धी याहून मोठी आहे हे आईने ओळखले होते. त्याने उत्तरेकडे जाऊन चांगल्या शाळेत शिकावे असे मायलेकांनी ठरवले. सोळा-सतरा वर्षांचा अर्नेस्ट जहाजावर काम करून प्रवासखर्च भागवत न्यूयॉर्कला पोहोचला आणि तेथे थोडे दिवस मोलमजुरी करून न्यू हॅम्पशायर राज्यातील किंबॉल युनियन अकॅडमी या शाळेत दाखल झाला.

चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने तीन वर्षांत संपवला. शाळेच्या वर्तमानपत्राचे संपादन केले, वादविवाद मंडळाचे अध्यक्षपदही भूषवले. याच काळात आईचे निधन झाले. अर्नेस्ट घरी पोहोचला तेव्हा तिचे दफनही झाले होते. जिने शिक्षणाची वाट दाखवली तिचे अखेरचे दर्शनही त्याला घडले नाही. तो परत शाळेत आला आणि १९०३ साली उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला.

पुढे डार्टमथ कॉलेजात प्रवेश मिळाला. तेथे प्राध्यापक विल्यम पॅटन यांच्या हाताखाली त्याला जीवशास्त्राची गोडी लागली. एका अंड्यातून जीव कसा उमलतो, हा प्रश्न त्याच्या मनात जो घर करून बसला तो कायमचाच. १९०७ साली तो विशेष गौरवासह पदवीधर झाला. प्राणिशास्त्रात तर त्याने खास प्रावीण्य मिळवले होते.

हॉवर्ड विद्यापीठ

एवढी गुणवत्ता असलेल्या गोऱ्या तरुणाला कोणत्याही मोठ्या विद्यापीठाने सन्मानाने बोलावले असते. परंतु कृष्णवर्णीय पदवीधराला अध्यापनासाठी कृष्णवर्णीयांच्याच संस्थांचा आसरा होता. १९०७ मध्ये जस्ट वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात रुजू झाले. प्रथम त्यांना इंग्रजी शिकवावे लागले. दोन वर्षांनी ते जीवशास्त्राकडे वळले आणि १९१२ पासून मृत्यूपर्यंत प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख राहिले. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनाही काही वर्षे ते शरीरक्रियाशास्त्र शिकवीत असत. १९१२ सालीच हॉवर्डमध्ये जर्मन भाषा शिकवणाऱ्या एथेल हायवॉर्डन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन अपत्ये झाली.

शिकवण्याचे काम भरपूर आणि प्रयोगाची साधने तुटपुंजी, अशी तेथील स्थिती होती. संशोधनासाठी दुसरी जागा शोधणे भाग होते. ती जागा मॅसॅच्युसेट्स राज्यात समुद्रकिनारी मिळाली. वुड्स होल या छोट्या गावी सागरी जीवशास्त्राची प्रसिद्ध प्रयोगशाळा आहे. शिकागो विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँक लिली हे तिचे संचालक होते. १९०९ च्या उन्हाळ्यात जस्ट त्यांचे साहाय्यक म्हणून तेथे गेले आणि पुढची सुमारे वीस वर्षे जवळजवळ प्रत्येक उन्हाळा त्यांनी तेथेच घालवला.

समुद्रातील प्राणीच का?

येथे वाचकांच्या मनात शंका येईल की फलनाचा अभ्यास करण्यासाठी समुद्रावर जाण्याचे कारण काय? कारण सोपे आहे. माणूस, गाय, बकरी यांच्यात फलन मादीच्या शरीरात होते. ते पाहण्याची सोय त्या काळी नव्हती. समुद्रातील अनेक प्राणी मात्र आपली अंडी आणि शुक्रपेशी सरळ पाण्यात सोडतात. दोहोंची गाठ पाण्यातच पडते. काचेच्या बशीत समुद्राचे पाणी घेऊन त्यात अंडी आणि शुक्रपेशी एकत्र केल्या की सारा प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांदेखत पाहता येतो. त्यातही काही प्राण्यांची अंडी काचेसारखी पारदर्शक असतात.

याच मार्गाने १८७५-७६ च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ ऑस्कर हर्टविग यांनी अंगभर काटे असलेल्या सी-अर्चिन या समुद्री प्राण्याच्या अंड्यात शुक्रपेशीचे केंद्रक आणि अंडपेशीचे केंद्रक एकरूप होताना दाखवले. त्यानंतर थोड्याच वर्षांत हर्मान फोल यांनी तारामाशाच्या अंड्यात एकच शुक्रपेशी शिरताना पाहिली. फलन म्हणजे दोन पेशींचे एक होणे, एवढे त्यावरून सिद्ध झाले. परंतु हजारो शुक्रपेशी अंड्याभोवती गर्दी करीत असताना आत एकीलाच प्रवेश का मिळतो, बाकीच्यांना कोण अडवते, आणि शुक्रपेशीचा स्पर्श होताच निपचित पडलेले अंडे एकदम जागे कसे होते, हे प्रश्न शिल्लक होते. जस्ट यांनी हेच प्रश्न हाती घेतले.

कंदिलाच्या उजेडातील अभ्यास

आपल्या पाठ्यपुस्तकात वलयी प्राण्यांचे उदाहरण म्हणून नेरीस हा समुद्री किडा येतो. वुड्स होलच्या किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या रात्री हे किडे प्रजननासाठी वर येतात आणि पाण्यात गोल गोल पोहतात. चंद्राच्या कलांप्रमाणे त्यांची संख्या वाढते व घटते. लिली आणि जस्ट रात्री कंदील घेऊन किनाऱ्यावर जात, त्या उजेडाकडे येणारे किडे पकडत आणि त्यांच्या सवयींची नोंद ठेवीत. १९१३ साली दोघांनी मिळून ही निरीक्षणे प्रसिद्ध केली.

त्याआधी १९१२ मध्ये जस्ट यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला होता. फलित अंड्याचे प्रथम दोन भाग होतात, ती विभागणीची रेषा कोठून जाते, हा त्याचा विषय होता. नेरीसच्या अंड्यात ज्या ठिकाणी शुक्रपेशी शिरते त्या ठिकाणावरून ती रेषा जाते, असे त्यांनी दाखवले. शुक्रपेशी अंड्याच्या पृष्ठभागावर कोठेही शिरू शकते. याचा अर्थ असा की पहिल्या विभागणीची दिशा अंड्यात आधीपासून पक्की ठरलेली नसते. ती फलनाच्या क्षणी ठरते. निबंध लहान होता, पण जाणकारांचे लक्ष त्याने वेधून घेतले.

जस्ट यांच्या कामाची खरी ओळख म्हणजे त्यांची स्वच्छता आणि चिकाटी. प्रयोगाची भांडी निर्मळ हवीत, पाण्याचे तापमान योग्य हवे, एका भांड्यात अंड्यांची दाटी होता कामा नये, शुक्रपेशी प्रमाणाबाहेर घालता कामा नयेत, असे त्यांचे नियम होते. प्रयोगाला हात घालण्यापूर्वी ते थोडी अंडी बाजूला काढून ती नीट फलित होतात की नाही हे पाहत. त्यांत दोष दिसला तर तो सबंध साठा टाकून देत. आजारी अंड्यावर प्रयोग करून निरोगी जिवाचे नियम कसे सांगता येतील, हा त्यांचा साधा विचार होता. थोड्याच वर्षांत वुड्स होलमध्ये अशी स्थिती झाली की कोणाचा प्रयोग बिघडला तर तो सल्ल्यासाठी जस्ट यांच्याकडे येई.

अंड्याचा पृष्ठभाग

आता त्यांच्या सर्वांत महत्त्वाच्या शोधाकडे वळू. सँड डॉलर नावाचा, मोठ्या नाण्यासारखा चपटा आणि गोल असा एक समुद्री प्राणी आहे. तो सी-अर्चिनच्याच कुळातला. १९१९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात जस्ट यांनी या प्राण्याच्या अंड्याचे फलन क्षणाक्षणाने वर्णन केले.

शुक्रपेशी अंड्याला चिकटली की थोड्याच वेळात त्या जागी अंड्याच्या पृष्ठभागावरून एक पातळ आवरण सुटून वर उचलले जाते. मग ते उचलणे तेथून सुरू होऊन सर्व बाजूंनी पसरत जाते आणि अंड्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते. अशा रीतीने अंड्याभोवती एक स्वच्छ कवच तयार होते. त्याला फलनावरण म्हणतात. हे कवच उभे राहिले की दुसऱ्या शुक्रपेशीला आत जाता येत नाही, एवढे पूर्वीच्या शास्त्रज्ञांनाही ठाऊक होते.

परंतु जस्ट यांच्या बारीक नजरेने आणखी एक गोष्ट टिपली. आवरण उचलले जाण्याच्या आधीच अंडे इतर शुक्रपेशींना दाद देईनासे होते. पहिल्या शुक्रपेशीच्या स्पर्शाबरोबर एक बदल लाटेसारखा अंड्याच्या पृष्ठभागावरून झपाट्याने पसरतो, आणि आवरण मागाहून उचलले जाते. म्हणजे बंदोबस्त दोन टप्प्यांचा असतो, एक तातडीचा आणि दुसरा कायमचा. त्या काळी हा बदल मोजण्याचे कोणतेही साधन त्यांच्याजवळ नव्हते. केवळ सूक्ष्मदर्शक, घड्याळ आणि डोळे यांच्या बळावर त्यांनी हे सांगितले.

हा बंदोबस्त इतका महत्त्वाचा का? एका अंडपेशीत दोन-तीन शुक्रपेशी शिरल्या तर गुणसूत्रांची संख्या प्रमाणाबाहेर जाते, पेशीविभाजनाची सारी व्यवस्था कोलमडते आणि भ्रूण बहुधा सुरुवातीलाच नष्ट होतो. म्हणून एकीला प्रवेश आणि बाकीच्यांना बंदी, हे जिवाच्या अस्तित्वासाठीच आवश्यक असते.

यावरून जस्ट यांनी मोठा निष्कर्ष काढला. त्या काळी अनेकांची समजूत अशी होती की शुक्रपेशी हीच कर्ती आणि अंडपेशी म्हणजे नुसते अन्नाचे भांडार. जस्ट यांनी दाखवले की अंडपेशी स्वतः काम करते. शुक्रपेशीने फक्त चालना द्यायची, पुढची सारी हालचाल अंडपेशीच्या अंगच्या शक्तीने होते. पेशीचा पृष्ठभाग म्हणजे निर्जीव पिशवी नव्हे, बाहेरच्या जगाशी व्यवहार करणारा तो पेशीचा जिवंत भाग आहे, हा विचार त्यांनी आयुष्यभर मांडला. रसायनांच्या साहाय्याने शुक्रपेशीवाचून अंड्याची वाढ सुरू करून दाखवणारे जाक लोब हे त्या काळचे फार मोठे नाव होते. त्यांच्या सिद्धांतातील उणिवाही जस्ट यांनी प्रयोगानिशी दाखवून दिल्या. समोरचा माणूस किती मोठा आहे हे पाहून त्यांनी आपले निष्कर्ष बदलले नाहीत.

मान आणि अवमान

१९१५ साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने स्पिंगार्न पदक सुरू केले आणि ते प्रथम जस्ट यांनाच दिले. १९१६ मध्ये शिकागो विद्यापीठाने फलनक्रियेवरील प्रबंधाबद्दल त्यांना पीएच.डी. पदवी दिली. त्यांच्या नावावर पुढे सत्तरच्या आसपास संशोधनपर लेख जमा झाले.

एवढे होऊनही अमेरिकेतील गोऱ्यांच्या एकाही मोठ्या विद्यापीठाने त्यांना आपल्याकडे जागा दिली नाही. वुड्स होलमध्ये प्रयोगाच्या टेबलाशी त्यांचा सल्ला घेणारे काहीजण जेवणाच्या टेबलाशी मात्र अंतर राखीत. हॉवर्डमध्ये अध्यापन आणि प्रशासनाचे काम इतके की संशोधनाला सलग वेळ मिळत नसे. १९२० पासून काही वर्षे ज्युलियस रोझेनवॉल्ड या दानशूर व्यापाऱ्याच्या मदतीमुळे वर्षाचा काही भाग संशोधनासाठी मोकळा मिळू लागला. परंतु अशी मदत पुन्हा पुन्हा मागावी लागे. अर्ज करा, पत्रे लिहा, उत्तराची वाट पाहा, यातच त्यांची बरीच शक्ती खर्ची पडली. विद्वान माणसाला प्रयोगशाळेऐवजी अर्जात गुंतवून ठेवणे हे त्या समाजाचेही नुकसानच होते.

युरोपातील दिवस

१९२९ च्या प्रारंभी जस्ट इटलीतील नेपल्स येथील विख्यात प्राणिशास्त्रीय केंद्रात गेले आणि त्यांना नवीनच अनुभव आला. तेथे त्यांच्याकडे प्रथम शास्त्रज्ञ म्हणून पाहिले गेले. १९३० मध्ये बर्लिनच्या कैसर विल्हेल्म जीवशास्त्र संस्थेने त्यांना सन्मानाने पाचारण केले. जर्मनीतील अव्वल दर्जाचे शास्त्रज्ञ त्या संस्थेत काम करीत होते. त्याच वर्षी इटलीत पाडुआ येथे भरलेल्या प्राणिशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी पेशीच्या पृष्ठभागावर व्याख्यान दिले.

पण दैव येथेही आडवे आले. १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि वंशाच्या नावाने छळ सुरू झाला. ज्या वर्णभेदाला कंटाळून ते देशाबाहेर पडले होते त्याचेच भयंकर रूप समोर उभे राहिले. जस्ट यांनी जर्मनीतील काम सोडले आणि पुढे फ्रान्सचा आश्रय घेतला. पॅरिस येथे आणि रोस्कॉफच्या सागरी केंद्रात त्यांचे संशोधन चालू राहिले. या धकाधकीत पहिला संसार मोडला. १९३९ मध्ये त्यांनी हेडविग श्नेट्झलर या जर्मन विदुषीशी दुसरा विवाह केला.

त्याच वर्षी त्यांचे दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. एकात पेशीच्या पृष्ठभागाविषयीचे आयुष्यभराचे चिंतन आहे, तर दुसऱ्यात समुद्री प्राण्यांच्या अंड्यांवर प्रयोग कसे करावेत याचे तपशीलवार मार्गदर्शन आहे. आपली विद्या झाकून न ठेवता ती पुढच्या पिढीच्या हाती द्यावी, ही शिक्षकाची वृत्ती दुसऱ्या ग्रंथात दिसून येते. त्यांची सगळीच मते टिकली असे मात्र नाही. अनुवंशाच्या बाबतीत जनुकांपेक्षा पेशीद्रव्याला त्यांनी जे महत्त्व दिले ते पुढील संशोधनाने जसेच्या तसे मान्य केले नाही. फलनाविषयीची त्यांची निरीक्षणे मात्र पक्की ठरली.

१९४० मध्ये जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या. परकीय नागरिक म्हणून जस्ट यांना काही काळ छावणीत डांबण्यात आले. सुटका झाल्यावर ते अमेरिकेत परतले आणि पुन्हा हॉवर्डमध्ये रुजू झाले, परंतु प्रकृती पार ढासळली होती. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने २७ ऑक्टोबर १९४१ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ५८ वर्षांचे होते.

मृत्यूनंतरचा न्याय

मृत्यूनंतर कित्येक वर्षे त्यांचे नाव विस्मृतीत गेले होते. १९७६ साली संशोधकांनी सी-अर्चिनच्या अंड्यावर विद्युत्‌मापनाचे प्रयोग केले. शुक्रपेशीचा स्पर्श झाल्यावर काही सेकंदांतच अंड्याच्या पेशीपटलावरील विद्युतभार ऋणाकडून धनाकडे जातो आणि सुमारे मिनिटभर तसाच राहतो, तेवढा वेळ दुसरी शुक्रपेशी आत शिरू शकत नाही, असे त्यांना आढळले. दरम्यान कॅल्शियमची लाट अंड्यातून पसरते, पृष्ठभागाखालील सूक्ष्म कण आपला साठा बाहेर सोडतात आणि फलनावरण उभे राहते. जस्ट यांनी ओळखलेल्या तातडीच्या आणि कायमच्या बंदोबस्ताचे कारण अशा रीतीने उलगडले. १९८३ मध्ये केनेथ मॅनिंग यांनी त्यांचे सविस्तर चरित्र प्रसिद्ध केले. १९९६ मध्ये, ज्या देशाने त्यांना नोकरी नाकारली त्याच देशाने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले.

माणसाच्या बाबतीत

आता हे सारे आपल्या स्वतःच्या जन्माशी कसे जोडलेले आहे तेही थोडक्यात पाहू. मानवी अंडपेशीचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढा असतो. लाखो-कोटी शुक्रपेशी प्रवासाला निघाल्या तरी अंडपेशीच्या आसपास पोहोचतात त्या फार तर काही शे. दोहोंची गाठ गर्भाशयात नव्हे, तर गर्भनलिकेत पडते. शुक्रपेशी अंडपेशीभोवतालचे जाड आवरण भेदते आणि मग दोन्ही पेशींच्या पृष्ठभागांवरील प्रथिने एकमेकांत कुलूप-किल्लीप्रमाणे बसतात. शुक्रपेशीवरील प्रथिनाचा शोध २००५ साली व अंडपेशीवरील प्रथिनाचा २०१४ साली लागला. माणसात सी-अर्चिनसारखा विद्युत बंदोबस्त आढळत नाही. पण पृष्ठभागाखालील कण येथेही आपला साठा सोडतात, बाहेरचे आवरण बदलते आणि दुसऱ्या शुक्रपेशीचा मार्ग बंद होतो. आईची २३ आणि वडिलांची २३ गुणसूत्रे एकत्र येऊन नवा जीव सुरू होतो. पाच-सहा दिवसांनी तो गर्भाशयात पोहोचून रुजू लागतो.

फलनाची ही क्रिया समजल्यामुळेच शरीराबाहेर काचपात्रात फलन घडवून अपत्यहीन दांपत्यांना मूल देणे शक्य झाले. जगातील असे पहिले बालक १९७८ साली इंग्लंडमध्ये जन्मले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी असे बालक जन्माला आले.

पालकांसाठी यात एक फार मोलाची गोष्ट आहे. अंडपेशीत नेहमी एक्स हेच लिंग-गुणसूत्र असते. शुक्रपेशीत मात्र एक्स किंवा वाय यांपैकी एक असते. एक्सवाली शुक्रपेशी मिळाली तर मुलगी, वायवाली मिळाली तर मुलगा. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवले पाहिजे. बोल लावण्याजोगे मुळात काही नाहीच, आणि ज्या गोष्टीसाठी त्या माऊलीला टोमणे सोसावे लागतात ती तर तिच्या हातातही नसते. हे ज्ञान आपल्या मुलामुलींना शाळेतच, निःसंकोच आणि सभ्य भाषेत मिळाले तर किती घरांतील अश्रू थांबतील!

विद्यार्थी मित्रांनो, डॉ. जस्ट यांना प्रयोगशाळा जवळ नव्हती म्हणून ते दरवर्षी समुद्रावर गेले. विसरलेली अक्षरे त्यांनी पुन्हा गिरवली. शिकण्याची वाट बंद दिसली तेव्हा त्यांनी दुसरी वाट शोधली. आणि या सर्वांच्या मागे खाणीत मजुरी करूनही शाळा काढणारी एक आई होती. तुम्ही पुढच्या वेळी फलनाचा पाठ उघडाल तेव्हा खाली मान घालून हसू नका. फलनावरणाची आकृती स्वच्छ काढा, शिक्षकांना शंका विचारा आणि शक्य झाले तर सूक्ष्मदर्शकातून एक पेशी तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. पालकांना विनंती एवढीच की मुलाची असो वा मुलीची, शिकण्याची हौस दिसली तर मेरी जस्टप्रमाणे तिला वाट करून द्या. आपल्या घरातील मूल उद्या कोणता शोध लावील हे आज कोणी सांगावे?